सव्विसावं नाव : प्लेऑफमध्ये बेसबॉल संघाचं फ्रंट ऑफिस काय करतं?

कोकणकडा | २८ ऑक्टोबर २०२५

आज पहाटे टीव्ही बंद केला तेव्हा शिकागोत दोन वाजत आले होते. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, तिसरा सामना, डॉजर्स विरुद्ध टोरांटो ब्लू जेज. १८ इनिंग, ६ तास ३९ मिनिटं. फ्रेडी फ्रीमनच्या होमरनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर) डॉजर्स ६-५ जिंकले. सकाळपासून ऑफिसात जो तो फ्रीमनबद्दल बोलतोय. माझ्या डोक्यातून मात्र विल क्लाइन जात नाही.

क्लाइन हा डॉजर्सच्या बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांमधला (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा), काल उरलेला शेवटचा माणूस. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद स्पर्धेत, आधीच्या तीन फेऱ्यांत तो यादीतही नव्हता. वर्ल्ड सिरीजच्या तोंडावर डॉजर्सच्या एका भरवशाच्या पिचरला घरच्या कारणानं संघापासून दूर राहावं लागलं, यादी नव्यानं झाली आणि क्लाइनचं नाव आत आलं. काल बाकी सगळे संपल्यावर तो आला आणि चार इनिंग टाकून गेला. ७२ चेंडू, एक हिट, शून्य रन. मेजर लीगच्या एका सामन्यात त्यानं एवढे चेंडू कधीच टाकले नव्हते. तो नसता तर दोनच दिवसांपूर्वी पूर्ण सामना टाकलेल्या यामामोतोला उतरवावं लागलं असतं. यामामोतो बुलपेनमध्ये हात गरम करत होता, सगळ्यांनी पाहिलं.

या माणसाचं नाव यादीत कुणी लिहिलं?

गेल्या आठवड्यात भाचा फोनवर विचारत होता, "मामा, प्लेऑफ सुरू झाले की जनरल मॅनेजरला काम काय असतं? खेळाडूंची खरेदी-विक्री बंद. मग तो नुसता बसून मॅच बघतो का?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धागा: फ्रंट ऑफिस, म्हणजे जनरल मॅनेजर आणि त्याची ऑफिसातली माणसं, ऑक्टोबरमध्ये काय करतात.

आधी हे समजून घेऊ की ऑक्टोबरमध्ये बाजार उठलेला असतो. यंदा ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, शेवटची तारीख होती ३१ जुलै. प्लेऑफला पात्र ठरायचं तर खेळाडू ३१ ऑगस्टला त्या क्लबकडे, निदान त्याच्या खालच्या संघांत तरी, असायला हवा. त्यानंतर बाहेरून माणूस आणला तरी प्लेऑफमध्ये त्याचा उपयोग नाही. आमच्याकडे कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी करतात: सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा. एकदा पाऊस लागला की घरात जे आहे त्यावरच दिवस काढायचे. फ्रंट ऑफिसचा ऑक्टोबर तसाच.

बेगमी म्हणजे काय याचं माझं आवडतं उदाहरण २००४ चं. बॉस्टन रेड सॉक्सनं ३१ जुलैला डेव्ह रॉबर्ट्स नावाचा खेळाडू घेतला. बॅटिंग बेताची, पण पाय वाऱ्यासारखे. १७ ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध मालिकेत ०-३ नं मागे, चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये एका रननं मागे, समोर यांकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. रॉबर्ट्सला बदली धावक म्हणून पाठवलं, त्यानं दुसरा बेस चोरला, बिल म्युलरच्या हिटवर बरोबरीची रन केली. तिथून बॉस्टननं ती मालिका काढली आणि ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज. त्या एका चोरीसाठी बॉस्टनचा तेव्हाचा जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन याच्या ऑफिसनं अडीच महिने आधी सोय करून ठेवली होती. आणि हाच डेव्ह रॉबर्ट्स काल डॉजर्सचा मॅनेजर म्हणून डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या बाकावर, होता. क्लाइनला त्यानंच पाठवलं. यादीतला तळाचा माणूस काय करू शकतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

बाजार बंद झाल्यावर हातात उरते ती यादी. प्रत्येक फेरीआधी २६ जणांची नवी यादी द्यावी लागते, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचची, पुढच्या दोन सातच्या. तीन सामन्यांत पाचवा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) कशाला हवा? त्याच्या जागी जलद धावणारा किंवा तिसरा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू पकडणारा) घेता येतो. सातच्या मालिकेत मात्र तीन रात्री सलग खेळायचं, बुलपेन दमतं, तेव्हा लांब टाकणारा हवा. वीस-बावीस नावं कुणीही लिहील. रात्री उशिरापर्यंत वाद चालतो तो उरलेल्या चार-पाचांवर. मॅनेजर, कोच, डॉक्टर, विश्लेषक, स्काउट (खेळाडू हेरणारे) एका खोलीत असतात आणि शेवटी सही फ्रंट ऑफिसची.

मी २०१६ मध्ये हे जवळून पाहिलं; जवळून म्हणजे शिकागो कब्जच्या शहरात राहून. काइल श्वार्बरचा गुडघा ७ एप्रिलला गेला. लिगामेंट फाटलं, शस्त्रक्रिया झाली, वर्ष संपलं असं सगळेच धरून चालले. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी गुडघा तपासला तर अपेक्षेपेक्षा खूप बरा. कब्ज अजून पुढच्या फेरीत पोचलेसुद्धा नव्हते, तरी एपस्टीनच्या ऑफिसनं (तो तोवर कब्जकडे आला होता) त्याला ॲरिझोनाला पाठवलं. तिथे ऑक्टोबरमध्ये होतकरू पोरांची फॉल लीग चालते. सहा महिने बॅट न धरलेला माणूस त्या पोरांबरोबर दोन सामने खेळला आणि तिथून वर्ल्ड सिरीजसाठी थेट क्लीव्हलंडला. २५ तारखेला पहिल्या सामन्यात डबल, म्हणजे दोन बेसचा फटका! सिरीजभरात १७ पैकी ७ हिट. त्यातही मेख अशी की डॉक्टरांनी फक्त बॅटिंगची परवानगी दिली होती. तेव्हा नॅशनल लीगच्या मैदानावर नुसता बॅटिंग करणारा खेळाडू चालत नसे, म्हणून शिकागोतल्या तीन सामन्यांत त्याला बदली बॅटर म्हणूनच वापरता येणार होतं. म्हणजे सातपैकी फार तर चार सामन्यांसाठी एक जागा खर्च करायची, आणि त्यासाठी जो पोरगा आधीच्या फेरीत संघाबरोबर होता त्याला बाहेर बसवायचं.

पाचवा सामना ३० ऑक्टोबरला होता, त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. आमच्याकडे पाटावर लक्ष्मी, वही, लाह्या-बत्तासे, आणि बाजूला आवाज बंद करून टीव्ही. आरती झाली तेव्हा अरोल्डिस चॅपमन टाकत होता. त्यानं एकट्यानं आठ आउट काढले. त्यालाही जुलैच्या शेवटी यांकीजकडून आणलेलं. आईनं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, ही आपली बेगमी.

तुमच्यापैकी कुणी या कामाच्या जवळ असेल तर लिहा. मला समजून घ्यायचंय.

---

टिळकरोड | २८ ऑक्टोबर

सुंदर लिहिलंय. एक प्राथमिक शंका: मॅनेजर आणि जनरल मॅनेजर यात फरक काय? मी दोन्ही एकच समजत होतो.

---

कोकणकडा | २८ ऑक्टोबर

मॅनेजर म्हणजे डगआउटमध्ये गणवेश घालून उभा असतो तो, आपल्या क्रिकेटमधला मुख्य कोच आणि कॅप्टन मिळून. जनरल मॅनेजर ऑफिसात: संघ कसा बनवायचा, पैसे कुठे घालायचे, कुणाला बोलवायचं. हल्ली त्याच्याही वर प्रेसिडेंट ऑफ बेसबॉल ऑपरेशन्स असतो. डॉजर्सचा अँड्र्यू फ्रीडमन तो. सामना सुरू झाला की याला डगआउटमध्ये फोन करता येत नाही. वर बॉक्समध्ये बसून राहायचं.

---

शून्य_शेष | २९ ऑक्टोबर

खूप दिवसांनी इथे लिहितोय. मी दोन सीझन एका क्लबच्या विश्लेषण विभागात अगदी तळाच्या पदावर होतो (नाव लिहीत नाही). त्यातला एक ऑक्टोबर प्लेऑफमध्ये गेला. आयुष्यात इतकं काम कधी केलं नव्हतं आणि इतकं फुकटही कधी गेलं नव्हतं.

सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात कळतं की आपण जाणार. कुणाशी खेळणार ते कळत नाही. म्हणून तीन-चार संभाव्य संघांची तयारी एकदम सुरू होते. पूर्वी यासाठी स्काउट पाठवायचे. ते शेवटचे दोन-तीन आठवडे त्या संघाच्या मागोमाग शहराशहरांत फिरून वह्या भरायचे. आता स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेचे कॅमेरे प्रत्येक चेंडूची गती, फिरकी, बॅटवरून सुटण्याचा कोन सगळं टिपतात, त्यामुळे बरंचसं काम पडद्यावर होतं. पण आमच्याकडचे दोन वयस्क स्काउट तरीही प्रत्यक्ष गेले होते आणि त्यांनी आणलेली एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. समोरच्या संघाचा उजव्या बाजूचा आउटफिल्डर सरावात फेकताना खांदा झटकत होता. आकड्यांत ते कुठेच नव्हतं, कारण त्या आठवड्यात त्याच्यावर जोरात फेकायची वेळच आली नव्हती. तिसऱ्या बेसच्या कोचला एवढंच सांगितलं गेलं: याच्या हातात चेंडू गेला तर पळवा.

एका संघाचा अहवाल दोनशे पानांच्या आसपास जातो. आणि मग खरं काम सुरू होतं ते दोनशेचं एक पान करण्याचं. आमच्या कॅचरला एकच पान हवं असायचं. प्रत्येक बॅटरसाठी दोन ओळी: पहिला चेंडू कुठे, दोन स्ट्राइक झाल्यावर काय. तिसरी ओळ दिसली की तो कागद परत करायचा. रागावून नाही, "यातलं तू काय काढशील ते सांग," म्हणायचा. मला त्या प्रश्नानं जितकं शिकवलं तितकं विद्यापीठानं नाही.

आउटफिल्डरांच्या मागच्या खिशात कार्ड असतं, टोपीतही ठेवतात. कोणता बॅटर आला की किती पावलं कुठे सरकायचं ते त्यावर. ते कार्ड मी कापायचो. शेवटच्या रात्री समोरच्या संघानं यादीत एक बॅटर बदलला, सकाळी सगळी कार्डं पुन्हा. हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये कात्री मागायला गेलो तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते.

सामना सुरू झाला की आपला संबंध संपतो. फोन नाही, मेसेज नाही. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २०१७ मध्ये कॅमेऱ्यातून कॅचरच्या खुणा चोरल्याचं उघड झालं. २०२० च्या जानेवारीत ५० लाख डॉलरचा दंड झाला, जनरल मॅनेजर आणि मॅनेजर दोघांना वर्षभराची बंदी झाली आणि क्लबनं दोघांनाही काढलं. तेव्हापासून नियम फारच कडक आहेत. २०२२ पासून तर खुणाच नकोत म्हणून कॅचर-पिचर पिचकॉम नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राच्या बटणांवर बोलतात. माझ्या मते हे चांगलंच झालं. आपलं काम सामन्याच्या आधी संपलं पाहिजे.

आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. पुढच्या दोन संभाव्य संघांचे अहवाल तयार होते. ते कुणी उघडलेसुद्धा नाहीत. माझ्याकडे तेव्हाचं एक कार्ड अजून आहे, ज्या संघाशी आम्ही खेळलोच नाही त्याचं.

---

रातराणी | २९ ऑक्टोबर

शून्य_शेष, शेवटच्या ओळीनं गलबलून आलं. लिहीत राहा.

---

गहुंजे_स्टँड | २९ ऑक्टोबर

बेसबॉल फारसं कळत नाही, पण दुखापतीचा नियम काय असतो? टोरांटोचा जॉर्ज स्प्रिंगर तिसऱ्या सामन्यात बरगडीच्या बाजूला हात धरून बाहेर गेला, चौथा खेळला नाही, तरी त्याच्या जागी दुसरा का घेत नाहीत?

विचारायचं कारण म्हणजे मी १९ ऑक्टोबर २०२३ ला गहुंजेला होतो. बांगलादेशविरुद्ध हार्दिक पंड्या स्वतःच्याच बोलिंगवर पायानं चेंडू अडवायला गेला आणि घोटा मुरगळला. त्यानंतर आपण दोन आठवड्यांच्या वर १४ जणांवर काढले, आज बरा होईल, उद्या बरा होईल म्हणत. ४ नोव्हेंबरला प्रसिध कृष्णाला घेतलं, म्हणजे हार्दिकचा वर्ल्ड कप संपला. स्टँडमध्ये माझ्या शेजारचे काका तेव्हाच म्हणाले होते, आता निवड समितीला झोप नाही.

---

कोकणकडा | २९ ऑक्टोबर

अगदी तोच पेच! इथला नियम असा: मालिका चालू असताना जखमी खेळाडू बदलता येतो, लीगची मंजुरी घेऊन. पण एकदा काढला की तो त्या मालिकेत परत नाही, आणि पुढच्या फेरीतही नाही. वर्ल्ड सिरीजला पुढची फेरीच नसते. तेव्हा स्प्रिंगरला आज काढलं तर त्याचं वर्ष संपलं, नाही काढलं तर २५ जणांवर खेळा. डॉक्टर टक्केवारी सांगतील, खेळाडू म्हणेल मी ठीक आहे (ते सगळेच म्हणतात), मॅनेजरला आज रात्रीचा माणूस हवा. निर्णय ऑफिसात रॉस ॲटकिन्स आणि मार्क शपिरो यांच्या टेबलावर.

मी असतो तर थांबलो असतो. स्प्रिंगरसारखा बॅटर शेवटच्या दोन सामन्यांत मिळण्याची शक्यता निम्मी असली तरी थांबावं.

---

मृण्मयी_एनजे | २९ ऑक्टोबर

फ्रंट ऑफिसचं एवढं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडते. आम्ही यांकीजवाले. मागच्या वर्षी, २५ ऑक्टोबर २०२४, डॉजर्सविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, दहावी इनिंग. आमचा पिचर नेस्टर कोर्टेस १८ सप्टेंबरनंतर एकही चेंडू टाकलेला नव्हता, कोपराच्या दुखण्यामुळे. त्याला वर्ल्ड सिरीजच्या यादीत घेतलं, आणि पहिल्याच रात्री एका रनच्या आघाडीवर उतरवलं. ओहतानीला बाद केलं, बेट्सला मुद्दाम वॉक दिला (न खेळवता पहिल्या बेसवर जाऊ दिलं) आणि फ्रीमनला पहिलाच चेंडू... ग्रँड स्लॅम, तिन्ही बेस भरलेले असताना होमरन. टिम हिल हा दुसरा डावखुरा तयार होता, ताजा होता, ऑक्टोबरभर चांगला टाकत होता.

यादीत नाव घातलं की ते वापरायचा मोह होतो. श्वार्बर जमला म्हणून गोष्ट झाली. कोर्टेस जमला नाही, तर त्या बिचाऱ्यावर सगळं शहर तुटून पडलं. खरं तर ३७ दिवस न खेळलेल्या माणसाला यादीत घ्यायचा निर्णय त्याचा नव्हता.

आणि दुसरं, २०२०. डॉजर्सविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये टॅम्पा बेचा पिचर ब्लेक स्नेल सहाव्या सामन्यात ७३ चेंडूंवर होता, दोन हिट, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), १-० पुढे. बेट्स, सीगर, टर्नर तिघांना त्यानं दोन-दोनदा स्ट्राइकआउट केलेलं. तरी मॅनेजर केविन कॅशनं त्याला काढलं, कारण आकडे सांगतात की तिसऱ्यांदा समोर आलेला बॅटर पिचरला ओळखतो. पुढच्याच बॅटरला, बेट्सला, डबल. सामना गेला, सिरीज गेली. मी तर यांकीजची, मला टॅम्पाचं दुःख व्हायचं कारण नाही, पण त्या रात्री मला फार वाईट वाटलं. मैदानावरच्या माणसाच्या डोळ्यांवर कुणाचा विश्वासच नाही का?

---

शून्य_शेष | ३० ऑक्टोबर

मृण्मयीताई, स्नेलच्या बाबतीत मी तुमच्याशी निम्मा सहमत आहे आणि त्याचं कारणही आकड्यांतच आहे. बॅटर तिसऱ्यांदा समोर येण्याचा परिणाम खरा आहे. पण स्नेलच्या जागी आलेला निक अँडरसन त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत रन देऊन आला होता. सीझनभर तो अजिंक्य होता, ऑक्टोबरमध्ये दमला होता. म्हणजे "स्नेलला काढावं का" हा अर्धाच प्रश्न झाला. "काढून कुणाला आणावं" हा उरलेला अर्धा. मला नेहमी वाटतं की त्या रात्री पहिल्याला भरपूर उत्तर तयार होतं, दुसऱ्याला नव्हतं.

आमच्याकडे मॅनेजरला देत असू तो कागद असाच असायचा: बॅटिंगच्या क्रमाचे तीन-तीन, चार-चारचे गट, आणि प्रत्येक गटासमोर आपला कोणता पिचर. २०२० पासून एका पिचरला निदान तीन बॅटरांना चेंडू टाकावेच लागतात (किंवा इनिंग संपेपर्यंत), म्हणून एकेका बॅटरचं गणित चालत नाही. आणि एका मालिकेत तोच रिलीव्हर (बुलपेनमधून येणारा पिचर) तिसऱ्या-चौथ्यांदा त्याच बॅटरांसमोर गेला की त्याचीही जादू ओसरते. कागद दिल्यावर मॅनेजरनं तो पाळलाच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. मात्र तो रात्री एकटा पत्रकारांसमोर बसतो आणि आपण नसतो बसत, याची टोचणी ऑफिसातल्या प्रत्येकाला असायला हवी. मला होती.

---

अश्विनी_टोरांटो | ३० ऑक्टोबर

काल आमच्या यसावेजनं डॉजर्सचे बारा स्ट्राइकआउट केले! वर्ल्ड सिरीजमध्ये नवख्या पिचरचा विक्रम. २२ वर्षांचं पोरगं, एप्रिलमध्ये सर्वांत खालच्या लीगपैकी एकीत टाकत होतं, मेजर लीगमधला पहिला सामना १५ सप्टेंबरला. त्याला इतक्या उशिरा वर आणून थेट प्लेऑफच्या यादीत घालणाऱ्यांचे पाय धरावेसे वाटतात. सिरीजमध्ये ३-२ नं पुढे, संघ घरी येतोय. १९९३ नंतर पहिल्यांदा इतक्या जवळ. शहरात कुणाला झोप नाही.

मी हॉटेलच्या धंद्यात आहे, तर फ्रंट ऑफिसची ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही ती माणसं मला माहीत आहेत: प्रवास बघणारी. मागे काही वर्षांपूर्वी एका पाहुण्या संघाच्या प्लेऑफची बुकिंग मी सांभाळली होती. त्यांच्या प्रवास विभागातल्या बाईंनी एकाच आठवड्यासाठी तीन शहरांत खोल्या धरून ठेवल्या होत्या, कारण कुठल्या शहरात जायचं ते आदल्या रात्री अकराला कळणार होतं. नेहमीच्या दौऱ्यात खेळाडू आणि कोच येतात. प्लेऑफमध्ये बायका, आई-वडील, सासू-सासरे, तान्ही बाळं, वरून मालकाचे पाहुणे. खोल्यांची संख्या दुपटीच्या वर जाते. त्या बाईंकडे एक वही होती. कोणाचं बाळ किती महिन्यांचं, कोणाला पाळणा हवा, कोणाच्या आजीला जिना चढवत नाही. एका खेळाडूच्या बायकोला नववा महिना लागला होता, तर जवळचं हॉस्पिटल कोणतं हेही लिहिलेलं.

संघ पाचव्या सामन्यात हरला. पहाटे दोनला फोन आला. आवाज अगदी शांत. "सगळ्या खोल्या सोडा. तुमच्या माणसांना माझे आभार सांगा." मी ऐंशीच्या वर खोल्या एकेक करून सोडल्या. पाळणे परत खाली गेले.

तिकिटांचंही असंच. सहावा-सातवा सामना "गरज पडल्यास" म्हणून विकायचा, झाला नाही तर पैसे परत. तो सगळा हिशोब करणारी पोरं महिनाभर घरी जेवायला जात नाहीत.

---

रातराणी | ३० ऑक्टोबर

त्या वहीबद्दल वाचून मला लग्नघरातली मावशी आठवली, कुणाला दूध लागतं, कुणाचा उपास, सगळं जिच्या पदरात बांधलेलं असतं ती.

या लोकांना बक्षिसाच्या पैशांत काही मिळतं का?

---

सासवडकर | ३१ ऑक्टोबर

खेळाडूंचा वाटा प्लेऑफच्या तिकिटांच्या उत्पन्नातून येतो आणि तो कुणाला किती हे खेळाडू स्वतः मतदानानं ठरवतात. २०२२ मध्ये ॲस्ट्रोज जिंकले तेव्हा एक पूर्ण वाटा ५,१६,३४७ डॉलरचा होता. ट्रेनर आणि ड्रेसिंग रूममध्ये कपडे-सामान बघणाऱ्यांनाही अनेक संघ वाटा देतात. ही प्रथा मला फार मोलाची वाटते.

पण मला आजच्या तारखेबद्दल लिहायचंय. ३१ ऑक्टोबर. बेसबॉलमध्ये फ्रंट ऑफिसच्या आणि स्काउटांच्या बऱ्याच जणांचे करार याच दिवशी संपतात. म्हणजे संघ वर्ल्ड सिरीज खेळत असताना तो बनवणाऱ्यांपैकी काहींना उद्या नोकरी आहे की नाही ठाऊक नसतं. २०२२ मध्ये ॲस्ट्रोजचा जनरल मॅनेजर जेम्स क्लिक अशाच अवस्थेत होता. ५ नोव्हेंबरला विजेतेपद, त्याचा करार आधीच संपलेला, मालकानं फक्त एका वर्षाचा देऊ केला, आणि विजयाला आठवडा होत नाही तोच तो बाहेर. २०२३ मध्ये मायामीची किम अँग, मेजर लीगमधली पहिली महिला जनरल मॅनेजर. तिच्या संघानं प्लेऑफ गाठले, पहिल्या फेरीत हरले. क्लबला तिच्या डोक्यावर आणखी एक प्रमुख आणायचा होता, तेव्हा त्याच ऑक्टोबरमध्ये ती निघून गेली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

आणि वरच्या माणसांना ऑक्टोबरमध्ये दोन कॅलेंडरं वापरावी लागतात. एक आज रात्रीच्या सामन्याचं, दुसरं नोव्हेंबरचं. वर्ल्ड सिरीज संपली की पाच दिवसांत ठरवायचं: कुणाचा पर्यायी करार पुढे चालवायचा, कुणाला क्वालिफाइंग ऑफर (करार संपलेल्या आपल्या खेळाडूला ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा प्रस्ताव) द्यायची. मागच्या वर्षी ती ऑफर २ कोटी १० लाख ५० हजार डॉलरची होती. जे संघ सप्टेंबरमध्येच बाहेर पडले त्यांना या तयारीला महिना मिळतो, नवा मॅनेजर शोधायला मोकळा वेळ मिळतो. जिंकणाऱ्याला विमानात वेळ काढावा लागतो. शिवाय लीगची अपेक्षा असते की वर्ल्ड सिरीज चालू असताना कुणी मोठी घोषणा करून लक्ष वेधून घेऊ नये. २००७ मध्ये चौथा सामना चालू असताना यांकीजचा ॲलेक्स रॉड्रिगेझ करारातून बाहेर पडतोय ही बातमी त्याच्या एजंटनं सोडली होती, आणि बॉस्टनच्या खेळाडूंच्या हातातला आनंद त्या बातमीखाली गेला. त्यावर लोक अजून चिडतात.

---

टिळकरोड | ३१ ऑक्टोबर

स्प्रिंगर आज खेळतोय! कोकणकडा, तुम्ही थांबलो असतो म्हणालात तसेच ते थांबले.

---

अश्विनी_टोरांटो | २ नोव्हेंबर

काल रात्रीबद्दल लिहायला बसले, दोनदा पुसलं.

हरलो. ११ इनिंग, ५-४. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटनं ओहतानीला तीन रनचा होमरन मारला तेव्हा माझे सासरे, वय ७८, सोफ्यावरून उठून उभे राहिले. त्यांना या खेळातलं फार काही कळत नाही, पण बिशेटचं कळतं. ६ सप्टेंबरला त्याचा गुडघा दुखावला, आधीच्या दोन्ही फेऱ्या तो खेळला नाही, नीट धावताही येत नव्हतं. वर्ल्ड सिरीजच्या यादीत घेतला आणि शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या त्याच्या नेहमीच्या जागी) पळणं झेपणार नाही म्हणून सेकंड बेसला उभा केला, जिथे तो मेजर लीगमध्ये आधी कधीच खेळला नव्हता. कोकणकडा, तुमचा श्वार्बर तो आमचा बिशेट.

नवव्या इनिंगमध्ये दोनच आउट हवे होते. मिगेल रोहासनं होमरन मारून बरोबरी केली. अकराव्यात विल स्मिथचा होमरन, शेन बीबरच्या चेंडूवर. बीबरला जुलैच्या शेवटी आणलेलं, कोपराच्या शस्त्रक्रियेतून तो पुरता बाहेरही आला नव्हता तेव्हा. त्यानंच चौथा सामना जिंकून दिला होता. आमच्या बेगमीतलंच ते धान्य. त्याच्याबद्दल एक वाईट शब्द मी ऐकून घेणार नाही.

---

मृण्मयी_एनजे | २ नोव्हेंबर

अश्विनी, मिठी. बीबरबद्दल तू लिहिलंस ते वाचून बरं वाटलं. कोर्टेसच्या वेळी आमच्याकडे असं कुणी म्हणालं नाही.

---

कोकणकडा | २ नोव्हेंबर

अश्विनी, काल मीही टोरांटोच्याच बाजूनं बसलो होतो.

यामामोतोनं शुक्रवारी ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकला आणि शनिवारी पुन्हा येऊन शेवटचे आठ आउट काढले. पहाटे पुन्हा पाहिलं तेव्हा मला तिसऱ्या सामन्यातला तो क्षण आठवला, बुलपेनमध्ये हात गरम करणारा यामामोतो. त्या रात्री क्लाइननं ते ७२ चेंडू टाकले नसते तर यामामोतोला उतरावं लागलं असतं, आणि मग शुक्रवार-शनिवारला त्याच्या हातात किती उरलं असतं? सव्विसाव्या नावाचा हिशोब सातव्या सामन्यापर्यंत गेला.

भाच्याला हा धागा पाठवलाय. त्याचा परत प्रश्न आला: "मग आता तरी सुट्टी?"

बिशेटचा करार काल रात्री संपला. पाच दिवसांची मुदत सुरू झालीय, गुरुवारी ६ तारखेला संपेल. टोरांटोच्या त्या ऑफिसात आज रविवारीही दिवे लागलेले असतील.